एक इंजिन गेलं की विमान उलटतं: दर वेळी तेच का होतं?

रात्री साडेअकराला भाच्याचा मेसेज आला: "मामा, आज पण तेच झालं. चौथ्यांदा."

पोरगं मल्टी-इंजिन रेटिंगच्या तयारीत आहे. सिम्युलेटरवर टेक-ऑफ करतं, चाकं वर घेतं, आणि तीनशे-साडेतीनशे फुटांवर इन्स्ट्रक्टर मागून गुपचूप डावं इंजिन बंद करतात. मग नाक डावीकडे वळतं, पाठोपाठ डावा पंख खाली जातो, आणि दहा-बारा सेकंदांत विमान पाठीवर. चार दिवस झाले, चारही वेळा हाच शेवट. त्याचं स्वतःचं निदान असं की सिम्युलेटरचं रडर, म्हणजे पायाने चालवायचं, नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीतलं पातं, ढिलं झालंय.

रडर ढिलं नाही. हीच तक्रार मी इतक्या पोरांकडून ऐकली आहे की आता एकदाच सगळं लिहून काढतो. खऱ्या विमानांचे जे अपघात होतात, त्यांतल्या बऱ्याच गोष्टी या एका तक्रारीत दडलेल्या असतात.

मी पायलट नाही, हे आधीच सांगतो. आयुष्य हँगरमध्ये पाने आणि स्पॅनर चालवण्यात गेलं. सुरुवातीची वर्षं बडोद्याच्या हरणी विमानतळावर, मग इंदूरला. निवृत्तीनंतर पोरांना टेक्निकल शिकवतो. घर कालानी नगरला, त्यामुळे सकाळचे पोहे खातानासुद्धा डोक्यावरून कोण गेलं ते आवाजावरून कळतं. उडवण्याचे बारकावे शिकायचे ते आपापल्या इन्स्ट्रक्टरकडूनच. मी फक्त यंत्र असं का वागतं ते सांगू शकतो.

आधी लक्षण नीट पाहा

भाच्याला पहिला प्रश्न विचारला: इंजिन गेलं तेव्हा स्पीड किती होता आणि नाक कुठे होतं? काही सांगता येईना. "तेव्हा बघायला वेळ कुठे असतो, मामा?" म्हणाला. पाचव्या खेपेला मित्राकडून फोनवर शूटिंग करून घ्यायला लावलं. विमान पायपर सेमिनोल. इंजिन गेलं त्या क्षणी स्पीड ८६ नॉट, नाक चढणीला असतं तसं दहा अंश वर. तीन सेकंदांनी ७९. सहा सेकंदांनी ७०. हात मात्र योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, मागे ओढून बसलेले, कारण समोर जमीन दिसत होती. साठाच्या जवळ आला आणि खेळ खलास.

सेमिनोलच्या स्पीडच्या घड्याळावर दोन रेघा आहेत. निळी ८८ वर. एका इंजिनावर जास्तीत जास्त चढ मिळतो तो हा स्पीड. लाल ५६ वर. एक इंजिन बंद आणि दुसरं पूर्ण जोरात असताना याच्या खाली गेलात तर रडर पूर्ण दाबूनही नाक सरळ राहत नाही. भाचा निळ्या रेघेच्या दोन नॉट खाली होता तेव्हा इंजिन गेलं, आणि तिथून तो स्वतःच्या हाताने लाल रेघेकडे चालत गेला.

हे कसं होतं ते समजायला माळव्यात कुणाला फार लांब जावं लागत नाही. बैलगाडीच्या जोडीतला डावा बैल मधेच बसला आणि उजव्याला तुम्ही चाबूक मारत राहिलात, तर गाडी पुढे जाते का? ती डावीकडे गरागरा फिरते आणि खड्ड्यात पडते. बसलेला बैल गाडी उलटवत नाही. उलटवतो तो चालणारा बैल. आता शहाणा गाडीवान काय करेल? आधी चालणाऱ्या बैलाची वेसण खेचेल.

नेमकं हेच पोरांच्या हातून होत नाही. एक इंजिन गेलंय, उरलेलं एकच आधार आहे, आणि त्याचाच थ्रॉटल, म्हणजे पॉवरचा दांडा, मागे घ्यायचा? मन तयार होत नाही. पण विमान फिरायला आणि कलंडायला लागलं असेल, रडर पूर्ण दाबूनही थांबत नसेल, तर त्या क्षणी उपाय दोनच: नाक खाली आणि चालू इंजिनाचा थ्रॉटल मागे. दोन्ही मनाविरुद्ध, आणि दोन्ही जमिनीच्या दिशेने नेणारे.

लाल रेघेबद्दल एक गैरसमज इथेच काढून टाकतो. ५६ हा आकडा काही देवाने लिहून दिलेला नाही. तो ठरवताना चाचणी पायलट चालू इंजिनाच्या बाजूला पाच अंशांपर्यंत कलून उडवतो, चाकं वर असतात, आणि तो अशा प्रसंगाची वाट पाहत तयार बसलेला असतो. तुम्ही पंख सपाट ठेवलेत किंवा बंद इंजिनाच्या बाजूला कललात, तर तुमची खरी लाल रेघ ५६ च्या बरीच वर सरकते. म्हणून चालू इंजिनाच्या बाजूला दोन-तीन अंश कल आणि घसरण दाखवणाऱ्या नळीतली गोळी अर्धी त्याच बाजूला. पुस्तकातली ही ओळ म्हणजे सजावट नव्हे.

उंचीवर गेलं की आणखी एक गंमत होते. हवा विरळ, उरलेलं इंजिन कमजोर, म्हणून लाल रेघ खाली येते. पण स्टॉलचा स्पीड, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमानाला उचलून धरत नाहीत तो, घड्याळावर तिथल्या तिथेच राहतो. दोघं जवळ आले की नियंत्रण जातं आणि स्टॉलही होतो, एकाच वेळी आणि एका बाजूने. विमान गरगर फिरत खाली येतं, त्याचं नाव स्पिन. या वर्गातल्या डबल इंजिन विमानांना स्पिनमधून बाहेर येऊन दाखवण्याची अट प्रमाणपत्रासाठी नसते. म्हणजे तुम्ही बाहेर याल की नाही, हे कारखान्यानेही कधी तपासलेलं नसतं.

"पण मामा, अर्धी पॉवर तर आहे ना?"

हा त्याचा पुढचा प्रश्न, आणि खरा घोळ इथेच आहे. सगळ्यांना वाटतं दोनातलं एक गेलं, म्हणजे चढ अर्धा होईल.

घरचा हिशेब करू. नवरा-बायको दोघं कमावतात, प्रत्येकी पन्नास हजार. किराणा, हप्ता, शाळेची फी मिळून खर्च पंचेचाळीस. शिल्लक पंचावन्न. एकाची नोकरी गेली. शिल्लक अर्धी झाली का? नाही, ती पाच हजारांवर आली. उत्पन्न निम्मं झालं, पण शिल्लक नव्वद टक्क्यांनी गेली. विमानाचा चढ म्हणजे ही शिल्लक. हवेत नुसतं टिकून राहायला लागणारी पॉवर म्हणजे घरखर्च. आणि बंद पडलेल्या इंजिनाचा प्रोपेलर फेदर केला नाही, म्हणजे त्याची पाती वाऱ्याच्या दिशेने आडवी वळवली नाहीत, तर तो वाऱ्याने फिरत राहतो आणि ब्रेकसारखा ओढतो, म्हणजे नोकरी गेलेला माणूस वर उधारीही करतोय.

सेमिनोलचे आकडे याला साक्ष आहेत. दोन्ही इंजिनांवर मिनिटाला बाराशे-तेराशे फूट चढ. एकावर दोनशे आणि वर थोडं. तेही समुद्रसपाटीला, पंधरा अंश तापमानात, प्रोपेलर फेदर केलेला, चाकं वर आणि हात तरबेज असतील तर.

पुढची गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. ज्या जुन्या अमेरिकन नियमांखाली ही छोटी मॉडेलं मंजूर झाली, त्यांत सहा हजार पौंडांपर्यंतच्या, आणि लँडिंगच्या स्थितीत स्टॉलचा स्पीड ६१ नॉट किंवा त्याहून कमी असलेल्या विमानांना एका इंजिनावर चढून दाखवण्याची सक्तीच नव्हती. कंपनीने आकडा मोजून पुस्तकात लिहायचा, मग तो वजा का असेना. मोठ्या प्रवासी विमानांचे नियम वेगळे. एक इंजिन गेलं तरी त्यांना चढावंच लागतं. दोघांना आपण "डबल इंजिन" म्हणतो, तिथेच फसगत सुरू होते.

आता इंदूरचा हिशेब घाला

आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण १,८५० फुटांवर आहे. या उंचीवर प्रमाणित हवेचं तापमान अकरा अंशांच्या जवळ धरतात. मे महिन्यात दुपारी दोनला चाळीस असतं. फरक एकोणतीस अंशांचा. जास्तीच्या दर अंशाला उंची १२० फूट वाढल्यासारखी धरायची, या ढोबळ नियमाने ३,४८० फूट होतात. त्यात १,८५० मिळवा. रनवेवर चाकं टेकलेली असतानाच विमानाला वाटतंय की आपण ५,३०० फुटांवर आहोत.

सेमिनोल पूर्ण वजनाने एका इंजिनावर जेमतेम चार हजार फुटांपर्यंत नावापुरतं चढतं.

परत वाचा. मे महिन्यात दुपारी इंदूरहून पूर्ण वजनाने निघालात आणि टेक-ऑफनंतर एक इंजिन गेलं, तर सगळं बिनचूक करूनही विमान चढणार नाही. हळूहळू खाली येईल. रडर, फेदर, कल, निळी रेघ, सगळं अचूक असेल तर ते हळू येईल, एवढाच फरक.

बडोद्याला हरणीची उंची शे-सव्वाशे फूट. तिथे बेचाळीस अंश धरले तरी हिशेब ३,४०० फुटांच्या आसपास येतो. म्हणजे इंदूरपेक्षा दोन अंश जास्त उकाडा, तरी तेच विमान तिथे कुरकुरत का होईना थोडं चढेल. शब-ए-मालवाचं, माळव्यातल्या गार रात्रींचं, आपण एवढं कौतुक करतो. ज्या उंचीमुळे आपल्या रात्री गार असतात, तीच उंची दुपारी विमानाचा घास काढून घेते. बडोद्याहून इथे बदली झाली तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात एका पायलटला मी विचारलं होतं, "साहेब, एवढ्या सकाळी सहाला का निघता?" त्यांनी नुसतं थर्मामीटरकडे बोट दाखवलं.

भाच्याला विचारलं, सिम्युलेटरवर तापमान किती लावलंय? पंधरा अंश, समुद्रसपाटी. म्हणजे जगातली सगळ्यात सोपी हवा, आणि तरी पोरगं पाठीवर.

इंजिन हे निमित्त असतं

इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मराठी घरांत डबल इंजिन विमान म्हटलं की जुन्या माणसांना ३० सप्टेंबर २००१ आठवतो. माधवराव शिंदे कानपूरच्या सभेला निघाले होते. किंग एअर सी-९० मैनपुरी जिल्ह्यात कोसळलं आणि विमानातले आठही जण गेले. आमच्या आईने त्या दिवशी चूल पेटवली नव्हती. तेव्हापासून कुणी ना कुणी विचारतं, "दोन इंजिनं होती ना, मग पडलं कसं?"

या प्रश्नात एक गृहीतक लपलेलं आहे की विमान पडायचं ते इंजिनामुळेच. तसं नसतं. २२ डिसेंबर २०१५ ला दिल्लीहून रांचीला निघालेलं सीमा सुरक्षा दलाचं सुपर किंग एअर बी-२०० द्वारकेजवळ पडलं, दहा जण गेले. चौकशीत निघालं ते असं: धुकं होतं, पुरेशी उंची गाठण्याआधीच ऑटोपायलट लावला, पण दिशा धरून ठेवणारा हेडिंग मोड निवडलेला नव्हता. विमान डावीकडे कलत गेलं, कुणी ते सावरलं नाही, आणि जवळजवळ उलट दिशेला वळून ते जमिनीवर आलं. सांगायचं ते हे, की दोन इंजिनं जोरात चालू असतानाही कल वाढत गेला तर शेवट तोच होतो, भाच्याच्या सिम्युलेटरवर होतो तोच.

ग्वाल्हेरचं २०२१ चं प्रकरण बऱ्याच जणांना आठवत असेल. मे महिना, करोनाची दुसरी लाट, मध्य प्रदेश सरकारचं किंग एअर रेमडेसिव्हिर घेऊन उतरत होतं आणि रनवेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या अरेस्टर बॅरिअरला धडकलं. लढाऊ विमान रनवेवर थांबलं नाही तर त्याला अडवायची ती जाळी. आतली तिन्ही माणसं वाचली. विमानाची मात्र रया गेली. इथे इंजिनाचा काहीच संबंध नाही. २०१८ च्या जूनमध्ये घाटकोपरला पडलेलं सी-९० दुरुस्तीनंतरच्या चाचणी उड्डाणावर होतं. विमानातले चार आणि रस्त्यावरचा एक, असे पाच गेले. दुरुस्तीनंतरचं पहिलं उड्डाण म्हटलं की आम्हा हँगरवाल्यांच्या पोटात आजही गोळा येतो, ते उगाच नाही.

दोन इंजिनं, पण एकच काहीतरी

आता माझ्या प्रांतात येतो. दोन इंजिनांचा सगळा भरवसा एका गोष्टीवर उभा आहे: दोन्ही एकदम बंद पडणार नाहीत. पण दोघांचं अन्न, हवा किंवा वीज एकच असेल तर ती एकदम बंद पडतात.

इंधन हे पहिलं. एकाच एप्रनवर सेमिनोल आणि डायमंड डीए-४२ शेजारी उभी असतात. दिसायला भावंडं, खाणं वेगळं. सेमिनोल खातं एव्हिएशन पेट्रोल, निळ्या रंगाचं. डीए-४२ ची डिझेल इंजिनं जेट ए-१ वर चालतात, ते जवळजवळ बिनरंगी. घाईत जेट इंधन पेट्रोलच्या विमानात पडलं तर गंमत अशी, की इंजिन सुरू होतं. नळ्यांत उरलेलं जुनं पेट्रोल टॅक्सीला, रन-अपला पुरतं. कधी टेक-ऑफलाही पुरतं. मग दोन्ही इंजिनं पाठोपाठ धडधडायला लागतात, आणि कुठलंही रेटिंग कामाला येत नाही. म्हणून संपमधून, म्हणजे टाकीच्या तळातून, काढलेल्या नमुन्याचा रंग बघा, वास घ्या, आणि शंका आली तर पांढऱ्या कागदावर दोन थेंब टाका. पेट्रोल उडून जातं, जेट इंधन तेलकट डाग ठेवतं. इंधन भरणाऱ्या पोरावर विश्वास ठेवू नका असं म्हणत नाही, पण भरताना तिथे उभे राहा.

पाणी हे दुसरं, पावसाळ्यात विशेष. अर्धी भरलेली टाकी रात्रभर उघड्यावर ठेवली की आत दव धरतं. सकाळी ड्रेन करताना सगळे खाली बुडबुडा शोधतात. बुडबुडा दिसला नाही म्हणजे पाणी नाही, अशी समजूत असते. पण अख्खा नमुनाच पाण्याचा असेल तर बुडबुडा दिसणार कुठून? रेघ दिसायला दोन द्रव लागतात. मी ट्रेनी असताना माझ्या उस्तादांनी मला असाच भरलेला ग्लास दाखवून विचारलं होतं, "स्वच्छ आहे?" मी हो म्हणालो. त्यांनी तो माझ्या हातावर ओतला. नळाचं पाणी होतं. त्यानंतर वास घेतल्याशिवाय मी कधी सही केली नाही.

तिसरं, कार्ब्युरेटरमधला बर्फ. इंदूरचा जुलै, चोवीस अंश, भरपूर दमटपणा, पॉवर कमी करून उतरताय. "चोवीस अंशांना बर्फ कसा?" असं पोरं हसून विचारतात. कार्ब्युरेटरच्या घशात इंधनाची वाफ होताना तापमान वीस-वीस अंशांनी पडतं, म्हणून. आणि दोन्ही इंजिनं एकाच ढगाखाली असतात. कार्ब्युरेटरला गरम हवा देणाऱ्या कार्ब हीटचे दोन लीव्हर आहेत ते वापरायलाच.

वीज. मार्च २००७ मध्ये जर्मनीत श्पायर इथे एक डीए-४२ बाहेरची बॅटरी लावून सुरू केलं होतं, कारण विमानाची स्वतःची बॅटरी उतरलेली होती. टेक-ऑफ झालं, चाकं वर घेतली, त्या झटक्याने व्होल्टेज पडलं आणि दोन्ही इंजिनांचे संगणक एकदम बंद झाले. दोन्ही प्रोपेलर थांबले. इंजिनांत दोष काही नव्हता.

आणि एक माझं स्वतःचं. हरणीला असताना एका डबल इंजिन विमानाची इंधन प्रणाली तपासून झाली. तपासताना उजव्या इंजिनाचा सिलेक्टर क्रॉसफीडवर ठेवला होता आणि परत जागेवर फिरवायला विसरलो. म्हणजे दोन्ही इंजिनं डाव्या टाकीवर. पायलटनेही चेकलिस्टच्या त्या ओळीवरून नजर फिरवली, हात नाही. पाऊण तासाने त्याच्या लक्षात आलं की विमान सारखं उजवीकडे झुकतंय. परत आला, उतरला, मला काहीच बोलला नाही, फक्त सिलेक्टरपाशी नेऊन उभं केलं. आणखी अर्धा-पाऊण तास गेला असता तर दोन्ही इंजिनं तहानेने मेली असती, शेजारी भरलेली टाकी घेऊन. ती ओळ मी आजही पोरांना बोटाने स्पर्श करून वाचायला लावतो.

कुठलं इंजिन?

भाच्याने एकदा, म्हणजे तिसऱ्या खेपेला, चुकीचं इंजिन बंद केलं होतं. हे त्याने सांगितलं नव्हतं, शूटिंग पाहताना मित्राकडून फुटलं. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. ४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईत ट्रान्सएशियाचं एटीआर-७२ टेक-ऑफनंतर पडलं, ४३ माणसं गेली. उजव्या इंजिनाचा प्रोपेलर आपोआप फेदर झाला होता आणि कॅप्टनने डाव्याचा, चांगल्याचा, थ्रॉटल मागे घेतला. लायसन्सवाले, प्रवासी कंपनीचे लोक होते ते.

कारण सरळ आहे. घाबरलेला माणूस आधी हात चालवतो आणि मग विचार करतो. पायांना मात्र सत्य माहीत असतं. विमान सरळ ठेवायला ज्या पायाने जोर लावताय ते इंजिन चालू, जो पाय रिकामा ते बंद. "डेड फूट, डेड इंजिन" हे पोपटासारखं सगळ्यांना पाठ असतं, पण म्हणताना पाय हलवून बघत नाहीत. मग पडताळणी: ज्याचा संशय आहे त्याचा थ्रॉटल हळू मागे घ्या. आवाजात आणि नाकात काही फरक पडला नाही तर ते खरंच बंद. पडला तर हात परत पुढे. यात दोन सेकंद जातात. ते असतात तुमच्याकडे, नाक आधीच खाली घेतलं असेल तर.

फेदर करताना मात्र फार रमू नका. याचं कारण पायलटांपेक्षा आम्हाला जास्त माहीत. या प्रोपेलरच्या हबमध्ये लॉक पिना असतात. जमिनीवर रोज इंजिन बंद करताना पाती फेदर होऊ नयेत म्हणून, फेऱ्या कमी झाल्या की त्या पिना अडकतात. सेमिनोलला ही सीमा ९५० आरपीएम आहे. म्हणजे इंजिन जाम होत चाललंय, फेऱ्या उतरताहेत, आणि तुम्ही "अजून सुरू होईल" म्हणून थांबलात, तर ९५० च्या खाली लीव्हर कितीही ओढा, पाती वळत नाहीत. मग तो पंखा शेवटपर्यंत ब्रेक लावून बसतो.

मग करायचं काय

भाच्याला मी नवीन काहीच शिकवलं नाही, क्रम तेवढा बदलला. पहिलं नाक क्षितिजावर, हाताने, लगेच, इंजिनाचं काय झालं ते कळायच्या आधी. दुसरं, रडर, नाक सरळ होईपर्यंत. तिसरं, निळी रेघ. याच्यानंतरच ओळख, पडताळणी, फेदर. तरीही विमान कलत असेल तर चालू इंजिनाचा थ्रॉटल मागे, जेवढ्याने थांबेल तेवढा. खिशात ठेवायला कार्ड करू नकोस असंही सांगितलं. त्या दहा सेकंदांत खिशात हात कोण घालणार?

दुसरी गोष्ट, टेक-ऑफच्या आधीचं ब्रीफिंग. पोरं ते इंग्रजीत, एका दमात, आरती म्हणावी तसं म्हणतात. त्याला म्हटलं, तू ते मराठीत म्हण, मोठ्याने, आणि थर्मामीटर वाचून म्हण. त्याने केलेलं असं आहे: "रनवेवर काही झालं तर दोन्ही थ्रॉटल मागे, ब्रेक. हवेत आहे पण चाकं खाली आणि पुढे रनवे शिल्लक आहे, तर दोन्ही थ्रॉटल मागे, समोरच उतरणार. चाकं वर घेतली, रनवे संपला, तर नाक खाली, सरळ, निळी रेघ. आज एवढं तापमान आहे, एका इंजिनावर हे विमान आज चढणार नाही, म्हणून समोर तीस अंशांच्या आत जी मोकळी जागा दिसेल ती." शेवटचं वाक्य रोज बदलायचं. जानेवारीच्या सकाळी "चढेल" असंही येईल.

इंदूरला हे वाक्य पूर्वेकडच्या टेक-ऑफला म्हणताना जीभ अडखळते, कारण समोर शहर आहे, आमचं घरही त्यातच. पश्चिमेकडे अजून थोडी शेतं उरली आहेत. वारा परवानगी देत असेल तेव्हा कुठल्या बाजूने निघायचं, हा विचारही याच ब्रीफिंगमध्ये यायला हवा असं माझं मत. सगळ्या इन्स्ट्रक्टरना ते पटत नाही.

पंख सपाट ठेवून, नियंत्रणात, पासष्ट-सत्तर नॉटवर शेतात टेकलेलं विमान मोडतं. पण आतली माणसं बहुधा चालत बाहेर येतात. पाठीवर आलेल्या विमानातून कुणी येत नाही. "विमान वाचवायचंय" हे डोक्यातून काढायला त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. ते विमान विम्याचं आहे, तुझं नाही, असं शेवटी त्याच्या आईनेच सुनावलं.

मग इन्स्ट्रक्टरना विनंती करायला लावली: एकदा १,८५० फूट आणि एक्केचाळीस अंश लावून द्या, पूर्ण वजन. त्यांनी लावलं. रात्री मेसेज आला, नेहमीपेक्षा लांब: "नाक खाली घेतलं, ८८ धरला, डावं फेदर केलं, अर्धी गोळी उजवीकडे. सगळं बरोबर होतं, तरी मिनिटाला शंभर-दीडशे फूट खाली येत होतं. आधी वाटलं परत काहीतरी चुकलं. मग तुमचं गणित आठवलं. डावीकडे शेत होतं, तिथे टेकवलं. इन्स्ट्रक्टर काही बोलले नाहीत, म्हणाले परत एकदा."

मी शूटिंग मागवलं. रडर अजून दीड सेकंद उशिरा येतंय, आणि फेदर केल्यावर ट्रिम करायला, म्हणजे पायावरचा भार काढणारं चाक फिरवायला, तो विसरतो, त्यामुळे पाय थरथरायला लागतो आणि गोळी मधूनमधून बाहेर पळते. ते रविवारी पाहू म्हटलं, घरी ये, पोहे खाता खाता.